टेकडीला एकटं सोडा, झाडं बांधावर लावा

जून लागला की पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, रविवारी सकाळी सात वाजता टेकडीवर वृक्षारोपण, येताना टोपी आणि पाण्याची बाटली आणा, जमलं तर हिरवा टीशर्ट. मग कंपन्यांचे सीएसआरवाले, म्हणजे समाजकार्याचा निधी सांभाळणारे, येतात, माजी नगरसेवक येतात, शाळेची पोरं येतात, खड्डे आधीच कुणीतरी खणून ठेवलेले असतात, त्यात रोप ठेवायचं, चार मुठी माती लोटायची, फोटो, पोहे, घरी. या लोकांच्या मनाबद्दल मला काडीची शंका नाही, रविवारची झोप मोडून येणारा माणूस चांगलाच असतो. पण जागा चुकतेय. कार्बन साठवायचा आणि जमिनीचा कस वाढवायचा ही दोन्ही कामं खरोखर करायची असतील तर पुण्याच्या टेकड्या ही त्यासाठी बरीच चुकीची जागा आहे, आणि बरोबर जागा इथून तास-दोन तासांवर पुरंदर, दौंड, शिरूर, बारामतीच्या शेतांच्या बांधांवर मोकळी पडलीये.

हे नीट समजायचं असेल तर एकच झाड घेऊ, गिरिपुष्प. ग्लिरिसिडिया म्हणा, उंदीरमारी म्हणा. तळजाईला जा, वेताळ टेकडीला जा, पाषाणच्या टेकडीवर जा, हेच दिसणार. फेब्रुवारीत पानं गळून गुलाबी फुलं लागली की लोक चेरी ब्लॉसम म्हणून फोटो टाकतात आणि त्याखाली किती सुंदर आपलं पुणं अशा कमेंटी येतात. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. वनविभागाने ते लावलं त्यात तसं लॉजिक होतं, कारण फांदी तोडून खोचली तरी जगते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, वणवा लागून गेला तरी खोडातून पुन्हा फुटतं, आणि मुरमाड उजाड टेकडी दोन-चार पावसाळ्यांत हिरवी दिसायला लागते. टार्गेट हिरवं दिसण्याचं होतं, ते पूर्ण झालं.

आता मार्च-एप्रिलमध्ये त्याच गिरिपुष्पाच्या खाली बसून जमीन बघा. वरची पानं बाजूला केली की थेट मुरूम लागतो. अर्धवट कुजलेल्या पानांचा मधला थरच नाही. गवत नाही, झुडपं नाहीत, असलीच तर घाणेरी किंवा रानमोडी. शेंगवर्गीय झाड असल्यामुळे त्याच्या पानात नत्र, म्हणजे नायट्रोजन, भरपूर असतो, वाळलेल्या पानाच्या वजनाच्या तीन-चार टक्के, आणि म्हणूनच ते पान झपाट्याने कुजतं. पावसाळ्यात पान पडलं तर काही आठवड्यांत त्याचा मागमूस राहत नाही. उन्हाळ्यात पडलं तर कुजायच्या आधीच कुणाच्या तरी बिडीने पेटतं. म्हणजे थर साचायची शक्यताच कमी, आणि सुटलेला नत्र धरून ठेवायला खाली पुरेशी मातीच नाही, वीतभर मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा कातळ. मग तो नत्र जातो कुठे? काही पावसाबरोबर खाली नाल्यात, काही तणांच्या पोटात. आपलं टेकडीवरचं मूळचं गवत कमी नत्रावर जगायला शिकलेलं असतं, त्याला जास्तीचं खत देऊन काही उपयोग नाही, उलट घाणेरीचं फावतं.

गंमत अशी की याच झाडाला शेतीखातं वर्षानुवर्षं बांधावर लावा म्हणून सांगतंय, हिरवळीचं खत म्हणून, आणि तिथे ते अगदी सोन्यासारखं काम करतं. त्याकडे येतो पुढे.

आधी कार्बनचा हिशोब, कारण सगळ्या पत्रकांवर तोच लिहिलेला असतो. झाड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर खोड येतं. खोडात कार्बन असतो हे खरंच आहे, वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बनच असतो. पण जगातल्या मातीत पहिल्या एक मीटर खोलीत साधारण १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या जिवंत वस्तूंमधला कार्बन, आहे, वातावरणात आहे त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास, आणि जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून आहे त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे मोठी तिजोरी पायाखाली आहे आणि आपण वर बघून मोजतोय. आणि ही तिजोरी किती भरेल हे माती किती खोल आणि किती चिकणमातीची आहे यावर ठरतं, कारण कुजलेल्या पदार्थाचे कण चिकणमातीला चिकटून बसले तरच ते जिवाणूंच्या तावडीतून वाचतात. भीमेच्या, नीरेच्या खोऱ्यातली काळी जमीन दोन-दोन हात खोल असते, चिकणमातीने गच्च. टेकडीवर वीतभर मुरूम. कुठे जास्त मावेल हे सांगायला कृषी पदवी लागत नाही.

बरं टेकडी मोकळी आहे हे तरी कुणी ठरवलं? पुण्याच्या पूर्वेला गेलात की पाऊस कमी होतो, सासवड, जेजुरी, सुपे या पट्ट्यात मूळचं निसर्गाचं रूप म्हणजे गवताळ माळ आणि मधूनमधून खुरटी झाडं, हिवर, खैर, मेडशिंगी, साळई, मोई, गणेर. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य मुद्दाम जाऊन बघा, चिंकारा दिसतो, लांडग्याचा पट्टाही हाच. त्या माळावर पवन्या, कुसळी, मारवेल वाढतं आणि या गवतांचा मोठा हिस्सा जमिनीखाली मुळांत असतो. वणवा लागला तर वरचं काडं जळतं, खालची मुळं राहतात, पहिल्या पावसात परत हिरवं. झाडाच्या लागवडीत वणवा शिरला तर वर साठवलेलं सगळं धूर. पण सरकारी कागदावर असल्या माळाला पडीक जमीन म्हणतात, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ माळ याच खात्यात टाकलेले आहेत, आणि एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक, सोलर लावा, प्लॉटिंग करा, नाहीतर झाडं लावा.

हे मी भावनेने बोलत नाहीये. २००२ साली ग्वो आणि गिफर्ड या शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिलं की जमिनीचा वापर बदलला की मातीतल्या कर्बाचं काय होतं. गवताळ कुरणावर लागवडीचं जंगल केलं तर मातीतला कर्ब सरासरी १० टक्क्यांनी घटला. नैसर्गिक जंगल काढून लागवड केली तर १३ टक्क्यांनी घटला. जंगल मोडून शेती केली तर ४२ टक्के गेला, कुरण मोडून शेती केली तर ५९ टक्के. आणि उलट दिशेला, शेतजमिनीवर झाडं लावली तर १८ टक्के वाढला, शेतजमीन सोडून दिली आणि तिथे आपोआप जंगल आलं तर ५३ टक्के वाढला. सरासरी आहेत, आपल्या बेसॉल्टवर तंतोतंत हेच येईल असं नाही, पण दिशा स्पष्ट आहे. ज्या जमिनीतून आपण आधीच काढून घेतलंय तिथे झाडाचा फायदा होतो. जिथे गवताने भरून ठेवलंय तिथे खड्डे खणून, चर मारून आपण असलेलं उघडं पाडतो, हवा लागली की जिवाणू कामाला लागतात आणि कर्ब वायू होऊन निघून जातो. टेकडीभर जेसीबीने खणलेले समतल चर बघितले की मला हेच आठवतं. पाणी मुरतं हे मान्य, पण कर्बाच्या वहीत त्या दिवशी खर्चच पडलेला असतो.

लागवड आणि जंगल हा फरक तर आपण जवळजवळ पुसूनच टाकलाय. देशाचा वनसर्वेक्षण अहवाल निघतो त्यात एक हेक्टरपेक्षा मोठ्या तुकड्यावर १० टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादन धरतात, मग ती आंब्याची बाग असो, निलगिरी असो की बांबू, मालकी कुणाचीही असो. त्यामुळे एकीकडे जुनं जंगल गेलं आणि दुसरीकडे निलगिरी उगवली तर बेरीज सारखीच. आता निलगिरी कागद गिरणीसाठी पाच-सात वर्षांनी तोडायची, तिचा कागद व्हायचा, कागद रद्दीत जायचा, आणि तो कार्बन थोड्याच वर्षांत परत हवेत, शिवाय प्रत्येक तोडीबरोबर लाकूड आणि सालीतून जमिनीचं पोटॅश, कॅल्शियम ट्रकमध्ये भरून गेलं ते वेगळंच. सागाचं अजून मजेशीर. मोठ्या पानावरून ठिबकणारा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा जाड होऊन उंचावरून पडतो, आणि खालचा पाला जळालेला किंवा झाडून नेलेला असेल तर तो थेंब उघड्या मातीवर आदळून ती उडवतो. सागाच्या लागवडीत पावसाळ्यात खोडाच्या बुंध्यावर वीतभर उंचीपर्यंत लाल चिखलाचे शिंतोडे दिसतात ते यामुळे. झाड आहे पण माती चाललीये.

२०१९ मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकात जो हिशोब आला होता त्यात हे मोठ्या प्रमाणावर मांडलंय. नैसर्गिक जंगल परत येऊ दिलं तर २१०० सालापर्यंत ते लागवडीच्या ४० पट कार्बन धरतं आणि शेतीतल्या झाडांच्या साधारण ६ पट. आता कुणी म्हणेल, मग तूच बांधावरच्या झाडांचं कौतुक कशाला करतोस, ते तर सहापट मागे आहेत. बरोबर आहे, पण शेतकरी आपली जमीन जंगलाला सोडून देणार नाहीये आणि द्यावी असं म्हणायचा मला हक्कही नाही. तुलना बांध विरुद्ध जंगल अशी करायचीच नाही, झाड असलेला बांध आणि बोडका बांध अशी करायची. आणि जंगलाचं म्हणाल तर त्यासाठी रोपवाटिका लागत नाही, सह्याद्रीत राखण लागते. आग नाही लागली, कुऱ्हाड नाही पडली की झाडं स्वतःची स्वतः येतात, बिया आणायला पक्षी असतात. पण राखणदाराच्या पगाराचं उद्घाटन करता येत नाही ना. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचा गाजावाजा झाला, पुढे त्यावर विधिमंडळाची चौकशी समितीही नेमली गेली, आणि तो सगळा वाद किती झाडं लावली आणि किती जगली यावरच. ज्या जमिनीत लावली ती जमीन आधीपेक्षा बरी झाली की वाईट हा प्रश्न मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

चांगली जंगलमाती कशी असते हे बघायचं तर आंबेगाव तालुक्यातल्या आहुपेच्या बाजूला, भीमाशंकरच्या पट्ट्यात एखाद्या देवराईत जा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पुण्यातूनच या देवरायांवर काम केलं, म्हणजे ही काही लांबची माहिती नाही. देवराईत पाय ठेवला की पाय थोडा आत जातो. वर अख्खी वाळलेली पानं, अंजनी, जांभूळ, हिरडा असली जाडसर चिवट पानं जी पटकन कुजत नाहीत. ती उचलली की खाली अर्धवट कुजलेली, शिरांची जाळी राहिलेली पानं, एकमेकांना पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी बांधलेली, अख्खा पापुद्रा एकसंध उचलून येतो. त्याखाली काळी, रवाळ माती, मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचला की भुगा. वास तर विचारूच नका. या तीन थरांना किती पिढ्या लागल्या असतील, आणि त्याच्या बदल्यात आपण दहा रोपं लावून मोकळे होतो. २०२१ च्या शहरी वृक्षकायद्यातल्या दुरुस्तीत जुनं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आहे, साठ वर्षांचा वड गेला की साठ रोपं. दंड म्हणून ठीक आहे. भरपाई म्हणाल तर वडाखालची माती कोण भरून देणार?

आता शेताकडे या, कारण कमतरता तिथे आहे. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटतायत, त्यात सेंद्रिय कर्ब नावाचा एक रकाना असतो. ०.५ टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे चांगला. आपल्याकडच्या बागायती पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना विचारा, ०.३, ०.४ असले आकडे ऐकायला मिळतात. का तर वर्षानुवर्षं नांगरट, युरिया, पाटाचं पाणी, आणि ऊस तुटला की पाचट पेटवायचं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट असतं उसाचं, काडी ओढली की दहा मिनिटांत राख. इंदापूरकडे रात्री गाडी चालवताना दोन्ही बाजूंना हे जाळ दिसतात आणि आपण सकाळी टेकडीवर रोप लावायला जाणार.

एक हिशोब करून बघा. एक एकर जमीन, वरची ३० सेंटीमीटर माती, तिचं वजन साधारण १५७० टन भरतं. तिच्यातला सेंद्रिय कर्ब ०.४ वरून ०.५ वर न्यायचा, म्हणजे फक्त ०.१ टक्का वाढवायचा, तर साधारण १.६ टन कर्ब जास्तीचा मुरवावा लागतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साईडमध्ये बोलायचं तर पावणेसहा टनांच्या आसपास. एका एकराला. आणि आपल्या जिल्ह्यात लाखो एकर आहेत.

पण इथेच खरी मेख आहे आणि ही गोष्ट कार्बनवाले लोक सहसा सांगत नाहीत. मातीतला टिकाऊ सेंद्रिय पदार्थ नुसत्या कर्बाचा नसतो, त्यात साधारण १२ भाग कर्बाला एक भाग नत्र लागतो. म्हणजे वरचा १.६ टन कर्ब जमिनीत बसवायचा तर त्याच्यासोबत सव्वाशे-दीडशे किलो नत्रही बसवावा लागतो, ४५ किलोच्या युरियाच्या सहा-सात पोत्यांत असतो तेवढा. नुसतं पाचट, भुसा, लाकडाचा चुरा घातला तर त्यात कर्ब भरपूर आणि नत्र नाहीच्या बरोबर, मग जिवाणू तो नत्र मातीतून ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं, शेतकरी म्हणतो हे सेंद्रियवाले नुसते भुलवतात, आणि त्याचं चूक नसतं. नुसता गिरिपुष्पाचा पाला घातला तर उलटं, नत्र भरपूर पण पाला झटकन कुजून जातो, मागे फार उरत नाही. दोन्ही एकत्र घातले की गाडी चालते. पाचट कुट्टी करून सरीत पसरायचं आणि त्यावर बांधावरचा ओला पाला टाकायचा. एक टन ओल्या पाल्यात साधारण सात-आठ किलो नत्र असतो. म्हणजे जे झाड टेकडीवर आपला नत्र नाल्यात सोडून देतं तेच बांधावर पाचटाच्या शेजारी उभं राहिलं की कामाला लागतं. आणि हो, घातलेल्या कर्बातला बराचसा भाग जिवाणू श्वासावाटे परत हवेत सोडतातच, थोडाच टिकतो, म्हणून हे दरवर्षी करायचं काम आहे, एका पावसाळी कार्यक्रमात उरकत नाही.

टेकडीवर गिरिपुष्प लावूच नये असं म्हणतोय म्हणजे आहे ते सगळं उद्या कापा असंही नाही हां. ते हळूहळू विरळ करावं, मधल्या जागेत गवत आणि मूळची झाडं येऊ द्यावीत. आणि तोडलेला पाला टेकडीवरच न जाळता खाली न्यावा. बस.

सावलीचा मुद्दा येणारच. बांधावर झाड म्हणजे शेजारची दोन-चार ओळी पीक मारलं जातं, हे खरंय, बाभळीखाली किंवा कडुलिंबाखाली ज्वारी बघा कशी मरगळते. पण गिरिपुष्प मोठं होऊ द्यायचंच नसतं, कमरेएवढ्या उंचीवर छाटायचं, वर्षातून दोन-तीन वेळा पाला काढायचा, त्याची सावली पडायला वेळच मिळत नाही. मोठी झाडं हवीत तर उत्तरेच्या बांधाला, सावली आपल्याच शेतावर पडायची नाही. शेजाऱ्याच्या पडेल, ते मात्र आहे. पुरंदरमधल्या एका अंजीर-सीताफळवाल्या बागायतदारांशी याबद्दल बोलत होतो, मी आपलं कर्ब, नत्र सुरू केलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाड लावायला आमची ना नाही हो सर, पण बांध कुणाचा ते आधी ठरवा." हसले, मीही हसलो, पण हे उत्तर कुठल्याही कार्बन रिपोर्टपेक्षा खरं आहे. भावाभावांत वाटण्या झालेल्या, मोजणी झालेली नाही, दरवर्षी नांगरताना शेजारी वीत-दीड वीत बांध कोरतोय, त्या बांधावर झाड लावलं तर ते कुणाचं? आणि उद्या तोडायचं झालं तर? १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, त्यात आंबा, जांभूळ, चिंच, फणस, ऐन, हिरडा असली झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. झाडं वाचावीत म्हणून केलेला कायदा, पण शेतकरी काय शिकला, तर असलं झाड उगवलं की हातभर असतानाच उपटून टाकायचं, नंतर ऑफिसचे खेटे नकोत. २०१४ ला आपला देश जगात पहिल्यांदा वनशेतीचं राष्ट्रीय धोरण करून बसला, त्यात या परवानग्या सोप्या करायच्या असं लिहिलंय. लिहिलंय.

त्यामुळे माझ्या मते वृक्षारोपणाचा पैसा रोपांवर घालण्याआधी बांधाच्या मोजणीवर घाला. ऐकायला विचित्र वाटतं, पण मोजणीची फी भरायला निघालेला सीएसआर फंड पुणे जिल्ह्यात जेवढा कार्बन मुरवेल तेवढा दहा टेकड्यांवरची रोपं मुरवणार नाहीत असं मला वाटतं. अर्थात मोजणीच्या दगडासोबत फोटो चांगला येत नाही.

पश्चिमेकडे, मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्याकडे हा प्रश्न अजून वेगळ्या तऱ्हेने समोर येतो. तिथे भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. उन्हाळ्यात ऐन, किंजळाच्या फांद्या छाटून आणायच्या, त्यावर पालापाचोळा, शेण, मग मातीचा पातळ थर, आणि मेमध्ये पेटवायचं. तण मरतं, राखेतलं पोटॅश, स्फुरद मिळतं, रोप जोमदार येतं. पिढ्यानपिढ्या चालत आलेली पद्धत, मूर्खपणा अजिबात नाही. पण बघा, सुपीकता कुठून आली? जंगलातून. शेताचा कस टिकवायला जंगल दरवर्षी थोडं थोडं छाटलं जातं, आणि त्यातला कर्ब आणि नत्र तर आगीतच जातो, शेताला उरते फक्त राख. आता त्या खाचरांच्या बांधावर पाला देणारी झाडं असली तर डोंगरावर कोयता घेऊन जायचं कारणच कमी होतं. बांधावरचं झाड देवराईला वाचवतं असं म्हटलं तर ते काव्य वाटेल, पण डोक्यावर भारा वाहणाऱ्या बाईला विचारा, तिला त्यात काहीही काव्य वाटणार नाही, तिला दोन फेऱ्या वाचलेल्या दिसतात.

धनगरांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले मेंढ्यांचे कळप रात्री शेतात बसवतात, शेतकरी त्याचे पैसे किंवा धान्य देतो, आणि सकाळी रानभर लेंडी-मूत पडलेलं असतं. या मेंढ्या कशावर जगतात? त्याच पडीक म्हणवल्या जाणाऱ्या माळावरच्या गवतावर. म्हणजे माळाचं गवत मेंढीच्या पोटातून चालत शेतात पोचतं, बिनपेट्रोलचं खत. त्या माळावर कुंपण घालून रोपं लावली की ही साखळी तुटते आणि धनगराला चराईबंदीचा बोर्ड दाखवला जातो, त्याच बोर्डवर लिहिलेलं असतं हरित महाराष्ट्र. याचा मला खरंच राग येतो.

सध्या कार्बन क्रेडिटवाले एजंट पण गावोगाव फिरायला लागलेत. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साईड, इतकं सरळ, पण त्या टनातले किती पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येणार, किती वर्षं झाड तोडायचं नाही, मध्येच मुलीच्या लग्नाला लाकूड विकावं लागलं तर काय, हे करारात बारीक अक्षरात असतं. मी विरोधात नाही, पैसा यायलाच हवा, नाहीतर शेतकऱ्याने फुकट का करावं. पण मोजणी बहुतेक खोडाची, घेर आणि उंचीची. मातीची मोजणी महाग आणि किचकट म्हणून टाळतात. छाटणी करून पाला मातीत घालणाऱ्या शेतकऱ्याचं झाड मोठं होतच नाही, मग त्याला क्रेडिट कमी, आणि पाला न घेता नुसतं खोड वाढवणाऱ्याला जास्त. जमीन सुधारणाऱ्याला तोटा. ही पद्धत अशीच राहिली तर बांधांवर पुढच्या दहा वर्षांत कोणती झाडं दिसतील हे आत्ताच सांगता येतं.

शहरात झाडं नकोत असं कुणी वाचू नका. रस्त्याकडेला झाड पाहिजेच, सावलीसाठी पाहिजे, एप्रिलमध्ये टिळक रोडवर उभं राहता यावं म्हणून पाहिजे. त्याला कार्बनचं कारण चिकटवायची गरजच नाही. सोसायट्यांनी फक्त एक करावं, सकाळी झाडलोट करून गोळा केलेला पाला जाळू नये, कोपऱ्यात खड्डा करून कुजवावा, पुण्यात वाळकी पानं देण्याघेण्याची चळवळ चांगली चाललीये, ज्यांना गच्चीवर बाग करायचीये ते पोतीच्या पोती नेतात.

आणि ज्यांना टेकडीवर काही करायचंच आहे त्यांच्यासाठी भरपूर काम आहे. जानेवारी ते मे वणव्याची गस्त घाला, जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेले पट्टे, काढायला वनविभागाला माणसं लागतात. टेकडी फोडून रस्ता किंवा बोगदा काढायची टूम निघाली की हरकत नोंदवा, वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले तसे उतरा. दारूच्या बाटल्या उचला. आणि रोप लावायचा आग्रहच असेल तर आधी मातीचा नमुना घ्या, पद्धत सोपी आहे, आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे, प्रत्येकाच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून अर्धा किलो प्रयोगशाळेत. पाच वर्षांनी तिथेच परत. शेजारच्या लावणी न केलेल्या गवताचाही घ्या, तुलनेला. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय १९०७ पासून आहे, पोरांना प्रोजेक्ट हवेच असतात, महापालिकेने आणि वनविभागाने लागवडीच्या प्रत्येक टेंडरमध्ये हे दोन नमुने सक्तीचे करावेत आणि आकडे वेबसाईटवर टाकावेत. गवताखालची माती झाडाखालच्या मातीपेक्षा सरस निघाली तर पुढच्या वर्षीचं बजेट गुपचूप बांधाकडे वळवायचं, आणि झाडाखालची सरस निघाली तर मला इथे येऊन शिव्या घाला, मी मुकाट्याने हिरवा टीशर्ट घालून रविवारी सातला हजर.